'प्लीज ट्राय अगेन': अंगठ्याचं हजेरी मशीन, दोन वर्षांच्या वापरानंतर

आधी गुण देऊन टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. मशीनला पाचपैकी तीन. सोबतच्या सॉफ्टवेअरला दोन. विकणाऱ्याच्या सेवेला अडीच, त्यातला अर्धा त्या फिटिंगला आलेल्या मुलाच्या गोड बोलण्याचा. आणि ते मशीन चालवणाऱ्या बाईला, म्हणजे मला, पहिल्या सात महिन्यांसाठी शून्य. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यातला निम्म्याहून जास्त दोष त्या डब्याचा नाहीच.

आमचं वर्कशॉप नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, एक्सलो पॉइंटवरून आत. अडतीस माणसं, सहा सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी कातकामाची मशीन), बाकी जुनी लेथ आणि ड्रिलिंग. गाड्यांना लागणारे बुश, पिना, छोटे शाफ्ट करून मोठ्या कंपन्यांना देतो. सगळं सासऱ्यांनी उभं केलेलं. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही. चार वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे जिना चढेनासे झाले आणि वरच्या ऑफिसातली खुर्ची माझ्याकडे आली. मी बी.कॉम., लग्नाआधी एका सीएकडे सात वर्षं काढलेली. आकडे जुळले नाहीत तर मला झोप लागत नाही, आणि दादांचं मस्टर कधीच जुळायचं नाही.

ते मस्टर म्हणजे लाल कापडी बांधणीचं जाडजूड बाड. दादा सकाळी सातला चहाचा कप घेऊन गेटवर उभे राहायचे आणि येणाऱ्याला बघून टिंब मांडायचे. अर्ध्या नोंदी पेन्सिलीत. खाडा मांडायच्या आधी माणसाला विचारायचे, 'का रे, म्हातारी बरी का?' आणि उत्तर ऐकून कधी खाडा मांडायचे, कधी नाही. ऐकायला छान वाटतं. पण मी तीन महिन्यांचे कागद काढून बसले तेव्हा दिसलं की ज्याला बोलता येतं त्याचे खाडे माफ होतात, आणि सुरगाण्याकडचा एक अबोल मुलगा, जो तोंड उघडत नाही, त्याचे सगळे खाडे शाईत आहेत. मला ते खुपलं. मशीन कुणाचं तोंड बघत नाही, एवढ्याच विचाराने मी ते घेतलं. हे आधी सांगते आहे, कारण पुढचं वाचून मी पहिल्यापासूनच दुष्ट होते असं वाटेल.

साडेआठ हजारांचं मशीन, फिटिंगचे पंधराशे वेगळे. आकार साधारण जेवणाच्या डब्याएवढा, वर छोटा पडदा, खाली काचेची चौकोनी खिडकी, तिच्यात हिरवा दिवा. अंगठा ठेवला की एक बाई इंग्रजीत 'थँक यू' म्हणते. ओळख पटली नाही तर 'प्लीज ट्राय अगेन'. हे वाक्य आमच्याकडे इतकं रुजलं की दुसऱ्याच आठवड्यात कुणी उचल मागायला आला आणि सुपरवायझरने नकार दिला की मागून दोघंतिघं एका सुरात 'प्लीज ट्राय अगेन' म्हणायचे.

चांगलं काय, तेही सांगते. दादांना हजेरी काढायला दोन दिवस लागायचे, आता दहा मिनिटं लागतात. जादा कामाचे तास वादाविना निघतात. जादा कामाला दुप्पट दर द्यावा लागतो, त्यामुळे तिथला एकेक तास पैशाचा असतो, आणि आधी त्यावरून दर महिन्याला खडाजंगी व्हायची. ती थांबली. सुरगाण्याच्या त्या मुलाला पहिल्यांदाच पूर्ण ओटी (जादा कामाचा पगार) मिळाला. जून-जुलैत पोरं खूश होती, मी तर होतेच.

आता बिघडलं कुठे ते. फिटिंगला आलेल्या मुलाने लॅपटॉप उघडून विचारलं, 'मॅडम, नियम डिफॉल्टच ठेवू ना?' मी म्हटलं, ठेव. डिफॉल्ट म्हणजे मशीनमध्ये आधीच भरलेले नियम: दहा मिनिटं सवलत. त्यानंतर आलात तर लेट मार्क. तीन लेट मार्कचा अर्धा दिवस. जाताना अंगठा लागला नाही तर अर्धा दिवस. ओटी अर्ध्या तासाच्या पटीत, खालची मिनिटं सोडून. अडतीस घरांच्या पगाराचा कायदा मी अर्ध्या मिनिटात, न वाचता पास केला. दादांशी बोलले नाही, सुपरवायझरशी नाही, माणसांशी तर नाहीच. फक्त पाण्याच्या कूलरवर एक कागद चिकटवला.

अंगठ्याचं गणित मला नंतर कळलं, ते घेण्याआधी कळलं असतं तर बरं झालं असतं. या मशीनमधली खिडकी म्हणजे ठशाचा फोटो काढणारा सेन्सर. त्याला बोटावरच्या रेषा उठावदार लागतात. ऑफिसात बसणाऱ्याच्या असतात. लेथवरच्या माणसाच्या नसतात. एमरी पेपर, कापलेल्या तुकड्याची धारदार कड (बर) काढायची कानस, धातूच्या गरम चिप्स, यांनी रेषा घासून जातात. त्यात कापताना धातू थंड ठेवायला आमच्याकडे वापरतात ते पाण्यात मिसळायचं कूलंट अल्कलीकडे झुकलेलं असतं, पीएच साधारण साडेआठ ते साडेनऊ, त्याने कातडी कोरडी पडून तडकते. आणि नाशिकचा डिसेंबर. निफाडचं तापमान पेपरात पहिल्या पानावर येतं तेव्हा अंबडलाही पहाटे सातला बोटं लाकडासारखी असतात. उन्हाळ्यात दुसऱ्या झटक्याला 'थँक यू' म्हणणारी बाई थंडीत पाच-पाच वेळा 'ट्राय अगेन' म्हणायला लागली. मागे रांग, पुढे शिफ्ट सुरू. तीन वेळा करून माणूस निघून जायचा. जाताना तर बस गाठायची असते, मग एकदाच करून निघायचा. महिन्याच्या शेवटी अर्धे दिवस साचायचे.

आमच्याकडे एक जुने टर्नर आहेत, बावीस वर्षं झाली. सगळे त्यांना तात्या म्हणतात. मूळचे खानदेशातले, आता पवननगरला घर. माझ्या लग्नात वाढप्यांवर लक्ष ठेवायला उभे होते, इतके घरचे. मला पहिल्या दिवसापासून 'वहिनी'. ७ डिसेंबरला पगाराची चिठ्ठी घेऊन ते वर आले. पाच अर्धे दिवस कापलेले, सव्वादोन हजार रुपये. म्हणाले, 'वहिनी, मी एक दिवस घरी नव्हतो राहिलो.' मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तात्या म्हणाले, 'अंगठा लागत नाही माझा. रेशनलाही लागत नाही, तिथे बायकोचा लावतो.' आणि मग जरा थांबून, 'शिवाय ते घड्याळही पुढे आहे.'

ऑफिसात तेव्हा सुपरवायझर होता, स्टोअरचा मुलगा होता, उचलीसाठी आलेले तिघं होते. मी म्हटलं, 'तात्या, मशीन कशाला खोटं बोलेल?'

एवढंच. आवाज चढवला नव्हता, हसतच म्हटलं होतं. तात्यांनी चिठ्ठीची चार घड्या घालून खिशात ठेवली आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी काहीतरी विचारायचं होतं तर म्हणाले, 'हो मॅडम.'

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पण आठवड्याभरात सगळेच मॅडम म्हणायला लागले. कुणी ठरवलं असेल असं वाटत नाही. पोरंही बदलली. वर यायचं बंद झालं. आधी दिवसातून चारदा कुणी ना कुणी जिन्यावर यायचं: वहिनी, कूलंट वास मारतंय. वहिनी, तीन नंबरच्या स्पिंडलचा आवाज बदललाय. वहिनी, टूल उडालं, माझ्याच हातून. मला वाटलं, चला, शिस्त लागली. मी खरंच घरी असं म्हटलं. दादा पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही.

जानेवारीत एका कंपनीकडून ६४० बुशचा लॉट परत आला. बोअर (आतलं भोक) तीस मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या तीन शतांशाने, मोठा. ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचा हत्याराच्या मापाचा आकडा, चुकीचा पडला होता, आणि पहिला क्रेट भरायच्या आतच ऑपरेटरला ते कळलं होतं. दुसऱ्या शिफ्टवाल्यालाही कळलं होतं. दोघांनी नजरा चुकवून क्रेट पुढे ढकलला. आमच्याकडे हे पूर्वी होत नव्हतं. चूक पूर्वीही व्हायची, पण ती दहाव्या तुकड्याला जिना चढून यायची. मी त्या ऑपरेटरला विचारलं, का नाही सांगितलंस? बराच वेळ खाली बघून म्हणाला, 'सांगितलं असतं तर अर्धा दिवस गेला असता, मॅडम.' नियमात तसं कुठेच नव्हतं. त्याच्या डोक्यात मात्र माझा कायदा तिथवर पोचला होता.

त्या लॉटच्या भानगडीसाठी मी पहिल्यांदाच पहिल्या शिफ्टला गेले. तोवर मी साडेनऊला यायचे आणि अंगठा लावायचा प्रश्नच नव्हता, मालकांच्या घरची ना. त्या दिवशी गेटवर रांगेत उभी राहिले, म्हटलं बघू तरी. माझा नंबर आला तेव्हा मोबाइलमध्ये ६:५८ झाले होते. मशीनच्या पडद्यावर ७:०९.

अकरा मिनिटं. मशीनला मी नेट दिलंच नव्हतं, वायर ओढायचे दोन हजार वाचवले होते. डेटा पेनड्राइव्हने काढायचो. नेट नसलं की आतलं घड्याळ स्वतःच्या मनाने चालतं, महिन्याला दीड मिनिट पुढे जायचं, सात महिन्यांत अकरा. सातला दोन मिनिटं असताना आलेला माणूस कागदावर सात वाजून नऊ मिनिटांनी येत होता, आणि ठीक सातला आलेल्याला लेट मार्क पडत होता. जाताना अकरा मिनिटं त्याला जास्तीची मिळत होती म्हणावं, तर ओटी अर्ध्या तासाच्या पटीत, त्यामुळे ती मिनिटं गळून जायची. येतानाचा तोटा पूर्ण त्याचा, जातानाचा फायदा कुणाचाच नाही. मी सीएकडे सात वर्षं काढलेली बाई, असा एकतर्फी हिशेब कुणी माझ्यापुढे आणला असता तर त्याला उभं जाळलं असतं. आणि घड्याळाचं तात्यांनी सांगितलं होतं. मागून कळलं, सुपरवायझरनेही ऑक्टोबरात सांगितलं होतं. मला ते सबब वाटलं होतं, म्हणून लक्षातही राहिलं नाही.

मग मी लेबर लॉचं बघणाऱ्या आमच्या सल्लागारांना फोन केला. त्यांनी आणखी एक धोंडा डोक्यात घातला. उशिरासाठी किंवा गैरहजेरीसाठी पगार कापायचा तर जेवढा वेळ माणूस नव्हता तेवढ्याच प्रमाणात कापता येतो. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात हेच होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही हेच आहे. म्हणजे घड्याळ अगदी बरोबर असतं, तरी पंधरा मिनिटांसाठी अर्धा दिवस कापणं चूकच. अंगठा लागला नाही म्हणून आठ तास काम केलेल्याचा अर्धा दिवस कापणं तर त्याहून चूक. पाचशे ठिकाणी हेच डिफॉल्ट चालू असेल. 'सगळे असंच करतात' हे वाक्य मी सल्लागारांना म्हणूनही पाहिलं. ते म्हणाले, 'हो, करतात.'

चार रात्री बसून सात महिन्यांची हजेरी पुन्हा काढली. अडतीसपैकी एकतीस जणांचे मिळून ५८,४०० रुपये मी कापले होते. परत आलेल्या लॉटचा खर्च याच्या दुपटीहून जास्त होता, तो वेगळा.

आता माझा बेत ऐका. पुढच्या पगारात 'मागील फरक' अशी एक ओळ घालायची, ज्याची त्याची रक्कम टाकायची, आणि नवं घड्याळ लावून मोकळं व्हायचं. दादांना सांगितलं. ते म्हणाले, 'कापलंस चारचौघांत आणि देणार पाकिटात?' पुन्हा पेपर.

आमच्याकडे दुपारी साडेतीनला शिफ्ट बदलते, तेव्हा दहा मिनिटं दोन्ही पाळ्या खाली असतात. मी खाली गेले. भाषण लिहून नेलं होतं, ते फसलं. सुरुवातच मी केली की 'मशीनच्या घड्याळात तांत्रिक चूक झाली होती...' आणि मागून कुणीतरी, कोण ते मी बघितलं नाही, म्हणालं, 'घड्याळ मशीनचं, पण कापणारं कोण?' तो कागद मी तिथेच दुमडला. म्हटलं, मी. मी कापले. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तात्यांनी सांगितलं होतं तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं. ते खरं बोलत होते. मग एकेकाचं नाव आणि रक्कम वाचली आणि म्हटलं, पैसे पगाराबरोबर नाही, उद्याच.

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. तिघंचौघं घड्याळ बघत होते, त्यांना बस होती. तात्या हात पुसत उभे होते, मी त्यांच्याकडे बघितलं तर ते लेथकडे बघत होते. मला वाटलं होतं की बोलले की मोकळं वाटेल. अजिबात वाटलं नाही, पोटात कालवलं. दुसऱ्या दिवशी पैसे दिले, सह्या झाल्या, आणि त्यानंतर महिनाभर सगळे मॅडमच म्हणत राहिले. ज्यांना वाटतं की माफी मागितली की हिशेब मिटतो, त्यांनी एकदा मागून बघावी.

मशीन फेकून द्यायचं का, हा प्रश्न होता. गंमत म्हणजे माणसांनीच नको म्हटलं. मस्टरकडे परत जाऊ का असं मी विचारलं तेव्हा सुरगाण्याच्या मुलाने, ज्याचा आवाज मी त्याआधी धड ऐकला नव्हता, मान हलवून 'नको' म्हटलं. म्हणून मशीन राहिलं. ते आम्ही कसं वापरायला लागलो ते सांगते, तुम्ही घेणार असाल तर हा भाग कामाचा.

पहिलं म्हणजे नेटची वायर. दोन हजार रुपये. आता घड्याळ आपोआप जुळतं, तरी सोमवारी सकाळी कुणीतरी मोबाइलशी ताडून पाहतं आणि पडद्याखाली चिकटवलेल्या कागदावर सही करतं. 'कुणीतरी' म्हणजे ऑफिसातलं नव्हे, मशीनवरचं. दुसरं, बोटं. सगळेच अंगठा नाहीतर उजवी तर्जनी देतात, आणि कामात झिजतात तीच. आम्ही प्रत्येकाची तीन बोटं नोंदवली, त्यात डाव्या हाताची अनामिका हमखास. तिच्या रेषा बऱ्याच शाबूत असतात. सहा जणांची तीही लागेना, त्यांना कार्ड दिलं. कार्ड म्हणजे दुसऱ्याने लावायची भीती, हो. ती भीती मी गिळली. काच रोज कोरड्या मऊ कापडाने पुसायची, कॉटन वेस्टने नाही. वेस्टला तेल असतं, त्याने काच आणखी आंधळी होते. हे मला विकणाऱ्याने सांगितलं नाही, आमच्या सफाईवाल्या मावशींनी सांगितलं.

नियम मात्र बदलले ते असे की डिफॉल्टमधलं काहीच ठेवलं नाही. उशीर झाला तर तेवढीच मिनिटं. अंगठा लागला नाही तर कूलरजवळ एक वही टांगली आहे, तिच्यात वेळ लिहायची आणि शेजारी काम करणाऱ्याची सही घ्यायची. बस्स, तीच हजेरी. आदल्या दिवसाचा सगळ्यांचा तक्ता रोज सकाळी तिथेच लागतो. महिनाअखेरीला चिठ्ठीत धक्का बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी भांडण झालेलं बरं. त्या तक्त्यात सर्वात वर माझं नाव असतं. पहिल्या आठवड्यात माझे चार उशीर होते आणि ते वाचायला कूलरजवळ गर्दी. इतकं पाणी आमच्याकडे उन्हाळ्यातही कुणी पीत नाही.

एक कबुली द्यायची राहिली आहे. वही सुरू केल्यावर पहिले पंधरा दिवस मी रात्री घरी बसून वहीतल्या नोंदी गेटवरच्या कॅमेऱ्याशी ताडून पाहिल्या. एकोणीस नोंदी होत्या, अठरा अगदी बरोबर, एका नोंदीत पाच मिनिटांचा फरक, तोही त्या माणसाच्याच तोट्याचा. मग बंद केलं. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. विश्वास ठेवते म्हणून वही टांगायची आणि मागून कॅमेरा बघायचा, याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. आमच्यातली दोन-तीन पोरं हे नक्की वाचतील, तर घ्या, आता कळलं.

पुन्हा जिन्यावर पाय वाजायला पाच महिने लागले. पहिला आला तो व्हीएमसीवरचा एक नवा मुलगा, त्याला जुनं काही माहीत नव्हतं म्हणून असेल. टूल जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, घुसवलं होतं, सतराशेचा फटका. दारात उभा राहून एका दमात म्हणाला, 'माझ्याकडून झालं.' माझ्या तोंडावर 'लक्ष कुठे होतं' आलं होतं. ते मी चहाबरोबर गिळलं आणि विचारलं, आधीचे तुकडे तपासलेस का? तपासले होते. दोन बाजूला काढले होते. खाली सगळे कान लावून बसले होते, हे मला नंतर कळलं. त्यानंतर हळूहळू बाकीचे यायला लागले. रिजेक्शनचा, म्हणजे आतच बाद केलेल्या मालाचा, आकडा आमच्या फळ्यावर त्यानंतरच्या तीन महिन्यांत वाढला, आणि बाहेरून परत येणारा माल कमी झाला. पहिल्यांदा तो फळा बघून माझ्या नवऱ्याला घाम फुटला होता. त्याला समजावायला अर्धा तास लागला की हे आकडे पूर्वीही होते, फक्त बेंचखाली होते.

सगळं परत आलं असं नाही. एक चांगला सेटर, म्हणजे मशीनवर काम लावून देणारा माणूस, त्या डिसेंबरातच गोंद्याच्या एका कंपनीत गेला. फरकाचे पैसे मी त्याच्या खात्यावर पाठवले, फोन केला, तो नीट बोलला, आला नाही. जाताना त्याने कारण 'घरून लांब पडतं' असं लिहिलं होतं. गोंदे त्याला घरून अंबडच्या तिप्पट लांब आहे.

सेवेबद्दल थोडक्यात. वर्षाचा देखभाल करार अठराशे रुपये. तक्रार केली की 'आज येतो' म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी येतात. घड्याळ पुढे जातं हे मी सांगितलं तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, 'हो मॅडम, नेट नसेल तर जातंच.' इतक्या सहज की जणू ते डब्यावर छापलं होतं. पॉवर बॅकअपची बॅटरी दीड वर्षात गेली. सॉफ्टवेअरला मराठी येत नाही, आणि तक्ता छापायचा तर प्रत्येक वेळी तारीख उलटीपालटी करावी लागते. दोन गुण म्हणूनच.

यंदा आम्ही चेहरा ओळखणारं मशीन घेतलं, चौदा हजारांचं. जुनं मागच्या गेटला आहे. थंडीत बोटांची कटकट संपली. पण ते लावण्याआधी या खेपेला खाली जाऊन विचारलं, आणि एकाने विचारलं, 'माझा चेहरा जातो कुठे?' मला उत्तर माहीत नव्हतं. विकणाऱ्याकडून लेखी मागितलं. ओळखीसाठी मशीन चेहऱ्याचे आकडे करून ठेवतं, पण शिवाय प्रत्येक हजेरीला एक फोटोही साठवतं. ते फोटो साठवणं आम्ही बंद करून घेतलं, आणि कुणी काम सोडलं की त्याची नोंद त्याच्यासमोर पुसायची असं ठरलं. हे मशीन पूर्वेच्या तोंडाला लावू नका. आमचं लावलं होतं, सकाळी सातचं ऊन थेट कॅमेऱ्यात, सगळे चोर दिसायचे. भिंत बदलली तेव्हा ओळखायला लागलं.

गेल्या महिन्यात मी शिफ्ट बदलाच्या वेळी नवीन कल्पना मांडायला खाली गेले होते. ज्याची महिन्यात एकही नोंद वहीत येणार नाही त्याला दोनशे रुपये बक्षीस, असं काहीतरी मनात होतं. मला ते हुशारीचं वाटत होतं. मी बोलून थांबले. कुणी काही बोलेना. लोकांनी मशीनने ओळखलं नाही तरी वहीत लिहिणं टाळावं म्हणून मीच त्यांना पैसे देणार आहे, हे माझ्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

मागच्या लेथजवळून तात्या, हातातल्या फडक्याने चक पुसता पुसता, त्या बाईच्याच आवाजात म्हणाले, 'प्लीज ट्राय अगेन, मॅडम.'